‘मधली सुरकुती’ आणि माझी बाकीची मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय गाणी रचणे व ती स्वतः गाणे, राहणार टपाल कचेरीमागची गल्ली, दुसरा मजला, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आले आणि आता पुढे काय करू, असं त्यांनाच विचारलं. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीला घातलेलं नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. उलट हे लिहू नये म्हणून दोघातिघांनी माझी मनधरणी केली, ती मी मानलेली नाही. गळ्याच्या ऑपरेशनच्या आधी घाबरून मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते याद्वारे रद्द समजावे.

ज्यांचा उल्लेख येईल त्यांची कागदोपत्री नावे व पत्ते परिशिष्टात आहेत. इथे मात्र ज्याला मी आयुष्यभर जी हाक मारली त्याच हाकेने लिहिणार आहे.

वकीलबाई म्हणाल्या, “मावशी, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं, तेवढंच पुरे.”

मी म्हटलं, “का दिलं ते लिहिलं नाही, तर नंतर भांडायला कारणं कुठून आणतील?”

त्या हसल्या आणि कोरे कागद वाढवून दिले.

कलम १. मी कोण

मिळकत कुठून आली हे कळल्याशिवाय ती कोणाकडे जावी हे कळणार नाही, म्हणून आधी हे.

माझी आई सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. वडील लवकर गेले. मोठा भाऊ, मी आणि धाकटी, अशी तीन भावंडं. धुलाईघर म्हणजे इस्पितळाच्या मागची लांबट खोली. एका टोकाला उकळत्या पाण्याच्या टाक्या, दुसऱ्या टोकाला घड्या घालायची टेबलं. खिडक्यांच्या काचा बारा महिने घामेजलेल्या. शाळा सुटली की मी तिथे जाई, कारण घराची किल्ली आईच्या कमरेला.

मोठी चादर घडी करायला चार हात लागतात. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, टोकं धरतात, एकदा झटकतात, दोनदा ओढतात, मग चालत जवळ येतात, टोकाला टोक लावतात आणि पुन्हा मागे जातात. झटका, ओढ, ओढ, पावलं. दिवसाला तीन-चारशे चादरी. हा ठेका माझ्या अंगात आईच्या दुधानंतर लगेच गेला असावा. पुढे लोकांनी माझ्या तालाचं मूळ कुठल्या कुठल्या जुन्या नाचांत शोधलं. ते इस्पितळाच्या चादरींत आहे.

तिथल्या बायका कामावर गात. मी ऐकून ऐकून शिकले. वयाच्या पंधराव्या वर्षी आपलीच एक ओळ त्यांच्या चालीला जोडली आणि ती त्यांनी दुसऱ्या दिवशी न विचारता म्हटली. त्या दिवशी मी ठरवलं की आपण हेच करायचं. माझ्या धंद्याचा आरंभ तो समजावा.

कलम २. घर

राहते घर माझ्या स्वकष्टाचे असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते माझ्यामागे माझी धाकटी बहीण व माझी लेक या दोघींच्या नावे समसमान व्हावे. धाकटी हयात असेपर्यंत घर विकू नये.

लेकीला हे आवडेल. ती मला सांगत होती की सगळंच मावशीला दे. तिचं खरं आहे. मी वर्षातले सात-आठ महिने दौऱ्यावर असे. लेकीला दात आले तेव्हा मी एका साखर कारखान्याच्या उपाहारगृहात गात होते. ती पहिल्यांदा चालली ते मला फोनवर कळलं. धाकटी टेलिफोन कचेरीत नोकरीला होती. तिने पाळी बदलून घेतली, लग्न लांबवलं, मग ते राहूनच गेलं, आणि माझ्या पोरीला वाढवलं. शाळेच्या फॉर्मवर ‘पालक’ म्हणून तिचीच सही आहे.

आणखी एक लिहायचं राहू नये. आम्हा दोघींत आवाज तिचा चांगला. आकाशवाणीच्या परीक्षेला आम्ही दोघी जाणार होतो. आदल्या दिवशी आईने उकळतं पाणी पायावर सांडून घेतलं. कोणीतरी घरी थांबायला हवं होतं. धाकटी म्हणाली, “तू जा, तुझी गाणी तुझी स्वतःची आहेत. मी काय, कोणाचंही गाईन.” मी गेले. ‘बरं’ एवढंच म्हणून गेले. हे तिने मला कधीही ऐकवलं नाही. अर्ध्या घराने त्याची भरपाई होते असं मी मानत नाही, पण माझ्याकडे घरच आहे.

कलम ३. वाद्ये, टेप आणि वह्या

(अ) मोठी गिटार धाकटीला. साठीनंतर ती माझ्यामागे चोरून वाजवते हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे, कारण ती तारा माझ्यापेक्षा अर्धा सूर खाली लावते आणि परत वर करायला विसरते. तिने आता उघड वाजवावी. लेकीला गिटार देत नाही. लहानपणी ती तिला ‘सावत्र बहीण’ म्हणायची.

(आ) टेप रेकॉर्डर व एकशे सहा टेपा विद्यापीठाच्या संगीत विभागाला. हे यंत्र खांद्याला लटकवून मी विटांच्या भट्ट्यांवर, जाळी विणणाऱ्यांच्या ओट्यांवर, शेंगा फोडायच्या शेडांमध्ये हिंडले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे तो त्यामुळेच. अट एकच. प्रत्येक टेपेच्या डबीवर मी गाणाऱ्या बाईचं किंवा पुरुषाचं नाव लिहिलं आहे. ते नाव यादीत जसंच्या तसं उतरवावं. ‘एक मजूर स्त्री’ असं लिहिलेलं दिसलं तर सर्व टेपा परत घ्याव्यात. ही काळजी मला कुठून सुचली ते कलम ६ मध्ये कळेल.

(इ) गाण्यांच्या एकवीस वह्या लेकीला. त्यात खाडाखोड फार आहे. एका वहीत मधोमध तिने सहा वर्षांची असताना निळ्या पेन्सिलीने मला पत्र लिहिलं आहे, ‘आई तू कधी येणार ते लिही म्हणजे मी वाचीन.’ मी ते त्या दौऱ्यात पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पाहिलं. त्यावर जे गाणं केलं ते कोणत्याही कार्यक्रमात गायले नाही. वहीच्या पुढच्याच पानावर आहे. तिला वाटलं तर वाचावं.

कलम ४. राग

वकीलबाईंचं म्हणणं की ‘राग’ ही मिळकत नाही, ती कोणाला देता येत नाही. मला तर दिसतं की माणसं तीच सगळ्यात आधी वाटून घेतात. म्हणून माझे राग मी स्वतःच निकालात काढते.

आकाशवाणीच्या ज्या परीक्षकांनी मला पहिल्या खेपेला नापास केलं आणि शेऱ्यात ‘आवाजात खडे आहेत’ असं लिहिलं, त्यांच्यावर राग नाही. खडे होतेच. दुसऱ्या खेपेला मी ‘खडे’ याच शब्दावर गाणं करून नेलं. ते परीक्षक ऐकून म्हणाले, “बाई, हे माझ्यावर आहे का?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी पास केलं.

मोठ्या भावाने मला सांगितलं होतं की रेकॉर्डवर आपल्या घराण्याचं आडनाव लावू नकोस. मी लावलं नाही. पुढे गाणी गाजल्यावर तो लोकांना ‘आमची ताईच ती’ असं सांगू लागला, खरं तर मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. त्याच्यावरचा राग तो गेला त्या दिवशी संपवायचं ठरवलं होतं. थोडा उरला आहे. तो माझ्याबरोबरच जाईल, त्याच्या मुलांनी काळजी करू नये.

माझ्या गिटारवाल्या नवऱ्यावर मात्र राग नाही, हे लिहून ठेवते, कारण सगळे धरून चालतात की असणार. तो फार चांगला वाजवायचा. आम्ही नऊ वर्षं एकत्र गाड्यांतून फिरलो. त्याला वाटायचं की गाण्यांना जरा गुळगुळीत करावं, मागे व्हायोलिनं घालावीत. मला वाटायचं की नको. घरात एवढं एकच भांडण होतं, पण ते रोज होतं. एका सकाळी तो स्टेशनावर म्हणाला, “तू माझ्याशी जेवढी बोलतेस त्याच्यापेक्षा जास्त गिटारीच्या पिशवीशी बोलतेस.” मी तेव्हा खरोखरच पिशवीचा पट्टा पाहत होते. तो पलीकडच्या गाडीत बसला. आता त्याची बायको मला दर नववर्षाला कार्ड पाठवते. माझ्याकडे असलेले त्याचे वादनाचे फोटो तिला पाठवावेत.

कलम ५. आवाज

एकोणसाठाव्या वर्षी गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, बोलाल, पण गाणं विसरा. दोन वर्षं मी बोललेही कमी. मग स्नानगृहात एकदा खालच्या पट्टीत एक ओळ निघाली. मोजून पाच स्वर उरले होते. मी म्हटलं, पाच तर पाच. पाच स्वरांत बसतील अशी एकतीस गाणी केली आणि ती बसून, हळू आवाजात, मायक्रोफोन ओठांशी धरून गायले. काही लोक मध्येच उठून गेले. जे राहिले ते पुढे सरकून बसले. माझ्या मते माझं सर्वांत चांगलं काम हेच आहे.

म्हणून: माझ्यामागे कोणीही माझा जुना आवाज काढून, यंत्राने घासूनपुसून, या नव्या गाण्यांवर चिकटवू नये. एका तरुण ध्वनितज्ज्ञाने मला तसं करून ऐकवलं होतं. छान होतं. मी त्याला चहा पाजला आणि फाईल पुसायला लावली.

कलम ६. ‘मधली सुरकुती’ हे गाणे

हे कलम नीट वाचावे. यासाठीच हा सगळा कागद आहे.

माझं नाव ज्यांना माहीत आहे, त्यांना ते या एका गाण्यामुळे माहीत आहे.

तू धर टोक, मी धरते टोक,
मधली सुरकुती कुणाची?

शाळेच्या पुस्तकात ते ‘लोकगीतावर आधारित’ म्हणून आलं. रेकॉर्डच्या वेष्टनावर लिहिलं आहे: ‘शब्द व स्वर’ यापुढे माझं नाव, आणि ‘चाल’ यापुढे ‘पारंपरिक’.

चाल पारंपरिक नाही. ती टाचणीकाकूंची आहे. पहिलं कडवंही त्यांचंच आहे. दुसरं आणि तिसरं माझं.

टाचणीकाकू धुलाईघरात फाटक्या चादरी बाजूला काढून त्यांना खुणेच्या चिंध्या लावायच्या. टाचण्या कायम ओठांत धरलेल्या, म्हणून ते नाव. गातानाही टाचण्या काढायच्या नाहीत. शब्द आले की ओठांच्या एका कोपऱ्यातून म्हणायच्या, आणि तोंड उघडणं शक्य नसे तिथे नुसतं गुणगुणायच्या. त्या गाण्यात दर दोन ओळींनंतर जी बंद ओठांची गुणगुण आहे, तिच्यावर अभ्यासकांनी लेख लिहिले, तिला शोकाचं प्राचीन रूप म्हटलं. ती टाचण्यांमुळे आहे.

मी अकरा वर्षांची असताना पिळायचं यंत्र बिघडलं. चिंब चादरी हातांनी पिळायला लागल्या आणि सगळं काम दुप्पट झालं. टाचणीकाकूंना घडीच्या टेबलावर माझ्या आईसमोर उभं केलं. चिडून त्यांनी चादर ओढली आणि म्हटलं, मधली सुरकुती कुणाची? आईने विचारलं, “काय म्हणालात?” त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, पण या वेळी सुरात. संध्याकाळपर्यंत गाणं पूर्ण झालं. मी टेबलाच्या टोकाला बसून गणितं सोडवत होते. म्हणजे मला माहीत होतं. हे मी ठळक लिहिते: मला पहिल्यापासून माहीत होतं.

बाविसाव्या वर्षी एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी मला बोलावलं. तीन गाणी झाली, चौथं हवं होतं, स्टुडिओची अर्ध्या तासाची वेळ उरली होती. मी हे गायले. बाहेर आल्यावर कारकुनाने फॉर्म पुढे केला. “चाल कोणाची?”

“आमच्या धुलाईघरात म्हणतात.”

“म्हणजे पारंपरिक,” तो म्हणाला आणि त्याने लिहिलं. शाई ओली होती. ‘थांबा’ म्हणायला एक शब्द पुरला असता. पण ‘पारंपरिक’ हा शब्द मला भारदस्त वाटला, आणि त्याच्याशेजारी माझं एकटीचं नाव फार सुंदर दिसत होतं.

रेकॉर्ड आली तेव्हा मी ती मोठ्या ऐटीत धुलाईघरात नेली. वॉर्डातून रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणलं. बायका हात पुसून गोळा झाल्या. टाचणीकाकूंनी वेष्टन हातात घेतलं. त्या अक्षर अक्षर लावून वाचायच्या.

“ही पारंपरिक कोण गं?” त्यांनी विचारलं. “आपल्याकडे कामाला होती का?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी वेष्टन टेबलावर कोरड्या जागी ठेवलं, टाचण्या ओठांत घेतल्या आणि आपल्या ढिगाकडे गेल्या. त्यानंतर ते गाणं त्यांनी कधी म्हटलं नाही. आईने कारण विचारलं तर म्हणाल्या, “आता ती पारंपरिक म्हणते ना, तिलाच म्हणू दे.”

पाच वर्षांनी त्या गेल्या. मी दौऱ्यावर होते. आणखी सहा वर्षांनी मी कंपनीला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं की रचनाकार हयात असल्यास तिचे संमतीपत्र जोडावे. ती हयात नव्हती, आणि मी पत्र घडी करून ठेवून दिलं. पुढच्या वेळी बघू, पुढच्या वेळी बघू, असं करत पन्नास वर्षं गेली. मध्ये मला परंपरा जतन केल्याबद्दल एक मोठा पुरस्कार मिळाला. मी तो घेतला.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. साहेबांचा नातू आता ती चालवतो. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत हे गाणं वापरायचं आहे, माझी सही हवी. लेक म्हणाली, “आई, नव्या मुलांना कळेल तुझं गाणं. कर सही.” मी पेन उघडलं. ‘रचनाकार’ या शब्दापुढे रेघ होती, आणि रेघेखाली छापलं होतं: मी जाहीर करते की हे सत्य आहे. पेन बंद केलं.

टाचणीकाकूंच्या मुलीचं कपडे दुरुस्तीचं दुकान जुन्या बसथांब्याजवळ आहे. मी गेले तेव्हा त्या पँटची शिवण उसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कमी करायचं की वाढवायचं?”

मी नाव सांगितलं. उसवणं थांबलं नाही.

“ओळखते,” त्या म्हणाल्या. “रेडिओ लागला की बंद करते मी.”

मी म्हटलं, “मी मृत्युपत्र करतेय. माझ्यामागे त्या गाण्याला तुमच्या आईचं नाव लागेल, असं लिहून ठेवते.”

त्यांनी दातांनी धागा तोडला. “तुमच्यामागे? म्हणजे तुम्हाला ऐकून घ्यायला लागू नये म्हणून?”

त्यांनी पँट उलटून दुसरी शिवण धरली.

“आईला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. मी साठी ओलांडली. तुम्ही अजून जिने चढताय. कोणी किती थांबायचं, बाई?”

मी घरी आले आणि नगरसभागृहातल्या रविवार दुपारच्या कार्यक्रमाची यादी पुन्हा लिहिली. हे गाणं शेवटी असायचं, ते मी पहिलं घेतलं. गाण्याआधी उभी राहिले आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं, फॉर्मसकट, हसण्यासकट. सभागृहात सातशे माणसं होती. कोणी टाळी वाजवली नाही. मग मी टाचणीकाकूंचं पूर्ण नाव उच्चारलं आणि गायले. गुणगुण आली तेव्हा माझ्याच ओठांत टाचण्या असल्यासारखं झालं, मी शब्दांनाही तोंड पुरतं उघडलं नाही.

नवव्या रांगेत त्यांची मुलगी बसली होती. गाणं संपल्यावर उठून गेली, भेटली नाही.

त्यानंतर एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रात लिहिलं की वयामुळे माझ्या आठवणींची सरमिसळ होत असावी. (डॉक्टरांचा दाखला त्यांच्यासाठीच जोडला आहे.) आयोजकांनी पुढचे दोन कार्यक्रम रद्द केले. लेक रागावली.

“आई, जगात तुझं म्हणून एकच गाणं ओळखतात. तेच देऊन टाकलंस? मग तुझं काय राहिलं?”

“एकशे एकेचाळीस गाणी,” मी म्हटलं. “जी कोणी मागत नाही.”

ती खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, “त्यातलं एक म्हण.” बावन्न वर्षांच्या लेकीने असं पहिल्यांदा मागितलं. मी चार म्हटली.

सबब, मी येणेप्रमाणे निश्चित करते: ‘मधली सुरकुती’ या गाण्याची चाल, ध्रुवपद व पहिले कडवे माझी मिळकत नाही, कधीही नव्हती. त्यांचे श्रेय परिशिष्टात दिलेल्या पूर्ण नावाने लागावे. ‘पारंपरिक’ हा शब्द सर्व ठिकाणांहून काढावा. प्रतिज्ञापत्र कंपनीकडे पाठवले असून त्यांचे वकील ‘तपासत आहेत’. ते माझ्या मरणापर्यंत तपासत राहिले, तर माझ्या वारसांनी त्यांच्या दारात जाऊन बसावे. जाहिरातीला मी नकार दिला आहे. पुन्हा कोणाला विचारायचे असेल, तर त्यांनी कपडे दुरुस्तीच्या दुकानात जावे आणि तिथून जे उत्तर मिळेल ते शेवटचे समजावे. दुसरे व तिसरे कडवे माझे आहे, ते मी सोडत नाही. ते मला अजूनही आवडतं.

कलम ७. व्यवस्था

या पत्राची अंमलबजावणी माझ्या लेकीने करावी. ती शाळेत गणित शिकवते, तिच्या हातून काही सुटत नाही. कलम ६ तिला पटलं नव्हतं. आता पटलं आहे की नाही ते मी विचारलेलं नाही, कारण पटो न पटो, ती ते करील. माझा अंत्यविधी सकाळी उरकावा, भाषणं करू नयेत. कोणाला गावंसं वाटलं तर गावं, पण रेकॉर्ड लावू नये.

कलम ८. साक्षीदारांबाबत

हे कलम वकीलबाईंच्या सांगण्यावरून, सर्वांसमक्ष, आत्ताच लिहिले आहे. पुढे कोणी साक्षीदारावर हरकत घेतली, तर काय झालं ते कळावं म्हणून.

आज सकाळी अकराला मी टाचणीकाकूंच्या मुलीला कलम ६ वाचायला बोलावलं होतं. येतील याची खात्री नव्हती. त्या आल्या, उभ्याने वाचू लागल्या, पिळायच्या यंत्राच्या गोष्टीपाशी खुर्चीत बसल्या. वाचून झाल्यावर विचारलं, “साक्षीदार कोण?”

वकीलबाई म्हणाल्या, “एक समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दुसरे बँकेतले गृहस्थ यायचेत.”

“त्यांना नका बोलावू. मी करते सही.”

“तुम्हाला नाही करता येणार,” वकीलबाई म्हणाल्या. “ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये.”

“मला काय मिळतंय? दाखवा.”

वकीलबाईंनी पानं उलटली, कलम ६ वर बोट ठेवलं. “हे काय, गाणं.”

“गाणं यांचं आहे का?”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही.”

“मग या देणार कुठून? आईचं होतं, आईमागे माझं. माझंच मला मिळतं का? या कागदातून मला काहीही मिळत नाही. बरोबर की नाही?”

वकीलबाईंनी चष्मा काढला. गॅलरीत जाऊन आपल्या ज्येष्ठ वकिलांना फोन लावला. बराच वेळ बोलल्या. आत येऊन म्हणाल्या, “बरोबर आहे. काहीही मिळत नाही.”

“आणा पेन,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “ताई, आधी तुम्ही करा. तुम्ही करताना मी बघायला हवं ना?”

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि पुन्हा वाचला. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. यात बदल करायची माझी इच्छा नाही.

(सही) लिहून ठेवणार

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ४ फेब्रुवारी २०२४, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

साक्षीदार १: (सही) समोरच्या इमारतीतील दंतवैद्य. लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) कपडे दुरुस्ती, जुना बसथांबा. यांनी माझ्यासमोर सही केली. आणि माझ्या आईने ते गाणं केलं त्या दिवशी मी पाच वर्षांची होते, घडीच्या टेबलाखाली बसले होते. तेही मी पाहिलं आहे.